ऊर्जा नष्ट होत नाही, मग बिल कशाचे?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आटपाडी तालुक्यातील आमच्या गावी गेलो असताना सातवीतल्या धाकट्या भावाने मला पेचात टाकले. त्याच्या पुस्तकात नियम होता : ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्टही करता येत नाही, तिचे केवळ रूपांतर होते. "दादा, ऊर्जा नष्टच होत नाही, तर अण्णा विहिरीवरच्या मोटारीचं बिल कशाचं भरतात?"

मी पडलो कलाशाखेचा विद्यार्थी! हसून वेळ मारून नेता आली असती. पण प्रश्न खरा होता. आम्ही दोघांनी मिळून त्याचा माग काढला.

आरंभ सातारा जिल्ह्यातील कोयनेपासून केला. सूर्याच्या उष्णतेने समुद्राच्या पाण्याची वाफ होते, ढग सह्याद्रीवर अडतात आणि पाऊस शिवाजीसागर जलाशयात साठतो. उंचावरच्या या पाण्यात स्थितिज ऊर्जा असते. डोंगराच्या पोटातून ते घाटाखालील पोफळीच्या भूमिगत वीजगृहाकडे कोसळते, तेव्हा तिची गतिज ऊर्जा होते. टर्बाइन फिरते, जनित्र फिरते आणि वीज तयार होते. ही उतरण सुमारे 475 मीटरची. गणित केले, तर 1000 लिटर पाण्यात सुमारे 1.3 युनिट ऊर्जा भरते. प्रत्यक्षात हाती त्याहून कमी येते. काही भाग घर्षणात व यंत्रांच्या उष्णतेत जातो.

आता नेमका उलटा प्रवास पाहा. याच धरणाच्या पायथ्याशी पूर्वेकडे सोडलेले पाणी कराडला कृष्णेस मिळते. पुढे टेंभू येथे पंपांनी उचलून ते टप्प्याटप्प्याने सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागाकडे नेले जाते. म्हणजे विजेची पुन्हा स्थितिज ऊर्जा! 1000 लिटर पाणी 100 मीटर चढवायला सुमारे 0.27 युनिट पुरावे. पण शंभरातले सत्तरच भाग कामी आले, असे धरले, तर 0.39 युनिट लागते. उरलेले कोठे गेले?

मोटार बंद केल्यावर मी भावाला तिच्या अंगाला हात लावायला सांगितले. ती चांगलीच तापली होती.

"ही उष्णता गोळा करून परत मोटार चालेल का?"

"नाही."

"मग नष्टच झाली की!"

"नष्ट नाही झाली, विखुरली. हवेत आहे, पण तुझ्या-माझ्या कामाची राहिली नाही."

उत्तर येथेच होते. आपण बिल भरतो ते ऊर्जेचे नव्हे, तर तिच्या कामी येण्याच्या गुणाचे. दर रूपांतरात तो थोडा थोडा घटतो.

आपल्या भागात हा केवळ पाठ्यपुस्तकाचा प्रश्न नाही. कोयनेचे पश्चिमेकडे वळवलेले पाणी वीज देऊन वाशिष्ठीमार्गे अरबी समुद्रास मिळते. ते सांगलीच्या शेतात येत नाही. म्हणूनच कृष्णा पाणीवाटप लवादाने या वळवण्यावर वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली. एकाच जलाशयाकडे एकाला वीज मागायची आहे, दुसऱ्याला पाणी. आणि ते पाणी चढवायलाही वीजच हवी!

सुट्टी संपवून निघालो त्या सकाळी सरी भरून पाणी बांधावरून वाहू लागले होते. कोणी सांगण्याआधीच भाऊ धावत गेला आणि त्याने मोटार बंद केली.