मुलाचे नाव रेशन कार्डात चढवले का?

गेल्या पावसाळ्यात अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकाने आमच्या वस्तीतल्या चार वर्षांच्या मुलीच्या हृदयाबद्दल शंका काढली. मोठ्या दवाखान्यात छिद्र असल्याचे पक्के झाले. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसत होते. पण रेशन कार्डात आई-वडिलांचे, थोरल्या भावाचे नाव, मुलीचे नाही. "करू नंतर" म्हणता म्हणता चार वर्षे गेली होती. वडिलांची सतरा दिवसांची रोजंदारी कागदांमागे बुडाली, तेव्हा कुठे ऑपरेशन झाले.

या योजनेला आपल्याला हप्ता भरावा लागत नाही, म्हणून ती आपोआप चालू आहे असे आपण धरून चालतो. तिचा आधार मात्र रेशन कार्ड आहे. पिवळे, केशरी, पांढरे, कोणतेही चालते. सगळ्या कुटुंबाला मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार, तेही योजनेतल्या दवाखान्यात भरती झाल्यावर. साध्या तापा-खोकल्याला नाही.

बाळ जन्मले की २१ दिवसांच्या आत नोंद मोफत होते. जन्मदाखला हाती आला की लगेच रेशन कार्यालयात नाव चढवावे.

आम्हाला जास्त अडचण दिसली ती वेगळ्या राहिलेल्या घरांत. जुन्या कार्डातून नाव कमी केले, दाखला डब्यात ठेवला, नवीन कार्ड राहूनच गेले. मधल्या काळात मूल कोणत्याच कार्डात नाही! भावाभावांत बोलणे नसले तरी हा कागद अडवून धरू नये, असे आम्ही स्पष्टच सांगतो.

दुसरी गोष्ट आधारची. लहानपणीच्या निळ्या आधारला बोटांचे ठसे नसतात. मूल ५ वर्षांचे झाले की ते द्यावे लागतात, १५ व्या वर्षी पुन्हा. ५ ते ७ आणि १५ ते १७ या वयात हे मोफत आहे. सातव्या वर्षापर्यंत केले नाही तर आधार बंद पडू शकते, आणि मग रेशनची ई-केवायसीही अडते.

भरती करताना दवाखान्यात प्रथम आरोग्यमित्राला गाठावे, पैसे भरल्यावर नव्हे. अडले तर १५५३८८ वर फोन करावा.

येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात बसणार आहोत. रेशन कार्ड आणि मुलांचे जन्मदाखले घेऊन यावे.