आपला जुना कुलाबा मतदारसंघ

करंजाडे हे पनवेल शहराला लागून असलेले गाव. गावातली वडीलधारी माणसे बोलताबोलता अजून म्हणतात, "आमचा कुलाबा जिल्हा." नव्या पोरांना हे नाव ठाऊक नसते. त्यांना कुलाबा म्हटले की मुंबईतला कुलाबा आठवतो. पण आम्ही सांगतो तो कुलाबा वेगळा. अलिबागच्या समुद्रात कुलाबा नावाचा किल्ला आहे. त्या किल्ल्यावरून आपल्या जिल्ह्याला हे नाव पडले.

१ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव बदलून रायगड झाले. मात्र गंमत अशी, की लोकसभेच्या निवडणुकीत मतदारसंघाचे नाव कुलाबा असेच राहिले. जिल्हा रायगड आणि मतदारसंघ कुलाबा! असे २००४ सालच्या निवडणुकीपर्यंत चालले. आता तो मतदारसंघ राहिला नाही. तो कसा निर्माण झाला, त्याने काय पाहिले आणि तो कुठे गेला, ते या पाठात आपण वाचू.

मतदारसंघ म्हणजे काय?

देशातले सगळे लोक कायदे करायला एका ठिकाणी बसू शकत नाहीत. म्हणून देशाचे भाग पाडतात. एका भागातले लोक मिळून एक माणूस निवडून देतात. त्या भागाला मतदारसंघ म्हणतात. विधानसभेत जातो तो आमदार. लोकसभेत जातो तो खासदार.

इंग्रजांच्या वेळी मत कोणाला होते?

त्या काळी आपला भाग मुंबई प्रांतात होता. १९३५ साली इंग्रज सरकारने नवा कायदा केला. त्या कायद्याप्रमाणे १९३७ साली प्रांतांच्या निवडणुका झाल्या. मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ जागा होत्या.

पण मत सर्वांना नव्हते. ज्याच्या नावावर ठरावीक सारा भरणारी जमीन, जो कर भरतो किंवा ज्याने ठरावीक परीक्षा दिली, अशांनाच मुख्यतः मत होते. सगळ्या प्रांतांचा मिळून हिशेब केला, तर शंभर माणसांत साधारण चौदांना मत मिळाले. बाकीच्यांनी काय करायचे? लांबून बघायचे!

आता विचार करा. दुसऱ्याची जमीन कसणारे कूळ, मजुरी करणारा गडी, भात लावणारी बाई. यांच्यापैकी बहुतेकांना मत नव्हते. आणि खरे दुःख तर त्यांचेच होते. कुलाबा जिल्ह्यात तेव्हा खोतीची पद्धत होती. खोत सरकारचा सारा गोळा करी आणि कुळांकडून मनमानी वसुली करी. पीक कुळाने काढायचे, आणि त्यातला मोठा वाटा खोताच्या घरी जायचा.

अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी १९३३ साली शेतकऱ्यांनी संप केला. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी. शेतकरी म्हणाले, "आम्ही जमीन कसणार नाही." शेते ओसाड पडली. घरात दाणा नव्हता. तरी लोक हटले नाहीत. हा संप सुमारे सहा वर्षे चालला.

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर या शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. १९३७ साली ते मुंबईतून विधानसभेवर निवडून आले. त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी त्यांनी खोती बंद करण्याचे विधेयक विधानसभेत मांडले. विधेयक म्हणजे कायद्याचा मसुदा. ते तेव्हा मंजूर झाले नाही. पण गरिबाचे गाऱ्हाणे कायद्याच्या दारात पोहोचले. पुढे १९४९ साली खोती रद्द करण्याचा कायदा झाला.

यातून आपण काय समजायचे? कायदा होतो तो सभागृहात. तिथे आपले माणूस असेल, तर आपली गोष्ट निघते. नाहीतर कोण काढतो!

सर्वांना मत

देश स्वतंत्र झाला. २६ जानेवारी १९५० पासून आपली राज्यघटना सुरू झाली. घटनेने सांगितले, एकवीस वर्षे पुरी झालेल्या प्रत्येकाला मत. बाई असो की बुवा. जमीन असो की नसो. लिहिता येवो की न येवो. पुढे १९८९ साली ही वयाची अट अठरा वर्षांवर आली.

पहिली निवडणूक १९५१–५२ साली झाली. तेव्हा देशातल्या बहुतेक लोकांना वाचता येत नव्हते. मग मत द्यायचे कसे? त्यावर एक युक्ती काढली. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली. पेटीवर त्याचे चित्र, म्हणजे निशाणी. ज्याला मत द्यायचे त्याच्या पेटीत कागद टाकायचा. झाले! कागदावर शिक्का मारायची पद्धत नंतर आली.

त्या वेळची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. यादी करणारे लोक घरोघर गेले. देशात काही भागांत बायका आपले नाव सांगेनात. "अमक्याची बायको", "तमक्याची आई" असे लिहा म्हणाल्या. पण अशी नावे यादीत चालेनात. त्यामुळे सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गळाली. हक्क घरी चालत आला होता. नाव सांगितले नाही म्हणून तो परत गेला.

कुलाब्याचे खासदार

१९५२ साली कुलाबा मतदारसंघातून चिंतामणराव देशमुख लोकसभेत गेले. त्यांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर होते. देशाचे अर्थमंत्रीही झाले. १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला न देता वेगळी ठेवायचे घाटत होते. देशमुखांना ते पटले नाही. त्यांनी मंत्रिपद सोडले.

पुढच्याच वर्षी, १९५७ साली, निवडणूक आली. सगळीकडे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. लोकांनी आपला राग मतपेटीत टाकला. कुलाब्यातून शेतकरी कामगार पक्षाचे राजाराम बाळकृष्ण राऊत निवडून आले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले.

त्यानंतर कुलाब्याने कधी काँग्रेसचा, कधी शेतकरी कामगार पक्षाचा माणूस निवडला. एकाच पक्षाला लोकांनी कायमचे बांधून घेतले नाही. बॅरिस्टर अंतुले इथून चार वेळा निवडून आले. रामशेठ ठाकूर १९९८ आणि १९९९ साली निवडून आले.

जमिनीचा प्रश्न आणि दि. बा. पाटील

आपल्या भागाला विसरता येणार नाही असे नाव म्हणजे दिनकर बाळू पाटील. लोक त्यांना 'दि. बा.' म्हणत. उरण तालुक्यातले जासई हे त्यांचे गाव. ते पाच वेळा आमदार झाले. कुलाब्यातून १९७७ आणि १९८४ साली खासदार झाले.

१९७० साली सिडको स्थापन झाली. नवी मुंबई वसवायला ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. शेती आणि मिठागरे गेली की माणसाने खायचे काय? योग्य मोबदला मिळावा म्हणून शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि आसपास मोठे आंदोलन झाले. पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी हुतात्मे झाले.

त्याच वर्षी डिसेंबरात लोकसभेची निवडणूक आली. देशभर काँग्रेसची लाट होती. तरी कुलाब्याने दि. बा. पाटलांना निवडून दिले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्यांना परत देण्याची योजना आली. शंभर गुंठे गेले, तर साडेबारा गुंठ्यांचा हिशेब धरायचा, असा त्याचा साधा अर्थ. त्यातही रस्ते आणि इतर सोयींसाठी काही भाग कापला जातो. म्हणून कागद नीट वाचून घ्यावा.

हुतात्म्यांचे बलिदान, लोकांची एकजूट आणि मत, या तिन्हींनी मिळून हे काम झाले. एकट्या मताने झाले नाही, आणि मत नसते तर तेही सोपे नव्हते.

कुलाबा मतदारसंघ कुठे गेला?

लोकसंख्या वाढते, माणसे एका जागेहून दुसऱ्या जागी जातात. म्हणून मतदारसंघांच्या सीमा पुन्हा आखाव्या लागतात. २००८ साली नव्या सीमा लागू झाल्या. कुलाबा मतदारसंघाचे नाव गेले. पनवेल, उरण आणि कर्जत हे विधानसभेचे मतदारसंघ मावळ लोकसभा मतदारसंघात गेले. घाटावरचे मावळ, चिंचवड आणि पिंपरी हे त्यांचे नवे सोबती झाले. अलिबाग, पेण, श्रीवर्धन आणि महाड हे रायगड लोकसभा मतदारसंघात राहिले. २००९ साली या नव्या नावांनी पहिली निवडणूक झाली.

कुलाबा मतदारसंघ सुरू झाला तेव्हा चित्राच्या पेट्या होत्या. २००४ साली त्याची शेवटची सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा मतदानयंत्र आले होते. पण यंत्रावरही निशाणी असतेच. आता तुम्ही निशाणीबरोबर नावही वाचू शकता. ही केवढी मोठी गोष्ट!

हे करून पाहा

१. मतदारयादीत आपले नाव स्वतः शोधा. आपले नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि वय बरोबर आहे का, ते वाचा.
२. नाव नसेल तर नमुना ६ भरा. चूक असेल तर नमुना ८ भरा. गावच्या मतदान केंद्राचे अधिकारी मदत करतात.
३. घरातल्या बायकांची नावे त्यांच्या स्वतःच्या नावाने आहेत ना, ते बघा.

प्रश्न

१. कुलाबा हे नाव कशावरून पडले?
२. १९३७ साली कुळाला आणि मजुराला बहुधा मत का नव्हते?
३. पहिल्या निवडणुकीत न वाचता येणारे लोक मत कसे देत?
४. आपले गाव आता कोणत्या लोकसभा मतदारसंघात आहे?
५. तुमच्या घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा: तुम्ही पहिले मत कधी दिले? त्यांचे उत्तर चार ओळींत लिहा.