दगडफूल आणि रानडुक्कर

गोड्या मसाल्याचा वास सांताक्रूझच्या घराघरांत ओळखीचा आहे. परंतु त्यांतील करडें-काळें दगडफूल हें फूल नव्हे, हें कितीजणांस ठाऊक असतें? तें सह्याद्रीच्या दमट डोंगरांत झाडांच्या सालींवर व खडकांवर वाढतें. बुरशी आणि शैवाल यांचा तो सहवास होय, असें स्विस शास्त्रज्ञ श्वेन्डेनर यांनीं १८६७ सालीं मांडलें. बुरशी आसरा व ओलावा पुरविते. शैवाल सूर्यप्रकाशानें अन्न तयार करितें.

आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतील रानडुकराशीं आम्हीं त्याची तुलना केली. दोघेही रानचेच, पण डुक्कर मुस्कटानें जमीन उकरून कंद शोधितें, व अन्न संपलें कीं दुसरीकडे जातें. मादीस एका वेळीं बहुधा ४ ते ६ पिलें होतात. दगडफुलास मुळें नाहींत, पाय नाहींत. हवा देईल तेंच पाणी, हवा देईल तेंच विष. गंधकाच्या धुरानें तें मरतें, आणि वर्षाकांठीं केवळ कांहीं मिलिमीटर वाढतें.

डुकरानें उकरलेली जमीन सर्वांस दिसते. खरवडलेल्या सालीकडे कोणी पाहत नाहीं. चिमूटभर मसाल्यामागें कित्येक वर्षांची वाढ असते. म्हणून विद्यार्थिमित्रहो, सहलीस जाल तेव्हां दगडफूल ओरबाडूं नका. पाहा, आणि तेथेंच राहूं द्या.