साखऱ्याहून अहमदाबादला: स्वयंसेवक होण्याचा खर्च किती?

2030 ची राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला होणार हे 26 नोव्हेंबर 2025 रोजी ग्लासगोच्या बैठकीत ठरलं. दिल्लीनंतर तब्बल वीस वर्षांनी ही स्पर्धा भारतात येते आहे. अशी घोषणा झाली की कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज फिरायला लागतात. स्वयंसेवक व्हा, परदेशी खेळाडू जवळून पाहा, राहणं-खाणं मोफत, सर्टिफिकेट मिळेल. यातलं सर्टिफिकेट मिळतं. खेळाडू दिसतील की नाही ते तुमची ड्युटी कुठे लागते त्यावर. राहणं मोफत हे बहुतेक वेळा खोटं असतं, आणि सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यासारख्या गावातून निघणाऱ्या पोराचं गणित नेमकं तिथेच चुकतं.

पॅरिसचं उदाहरण घ्या. 2024 च्या ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिकला 45,000 स्वयंसेवक हवे होते, अर्ज आले तीन लाखांवर. निवड झालेल्यांना गणवेश मिळाला, ड्युटीच्या दिवशी एक जेवण मिळालं आणि शहरातल्या बस-मेट्रोचा पास मिळाला. पॅरिसपर्यंतचं तिकीट आणि मुक्काम ज्याचा त्याने करायचा होता. टोकियोने दिवसाला हजार येनचं प्रीपेड कार्ड दिलं, तेही स्थानिक येण्या-जाण्यापुरतं. जगभर साधारण हीच पद्धत आहे: अंगावरचे कपडे आणि ड्युटीपुरतं पोट त्यांचं, बाकीचं तुमचं. यजमान शहराजवळच्या पोरांना हे परवडतं, कारण संध्याकाळी ती घरी जेवायला जातात. बाहेरगावच्याला शहरात पंधरा दिवस बिऱ्हाड करावं लागतं.

तर अहमदाबादचा हिशेब मांडू. आकडे आजच्या भावाने आणि अंदाजाने धरले आहेत. स्पर्धेपर्यंत ते वाढतील, कमी होणार नाहीत.

प्रवास हा यातला सगळ्यात स्वस्त भाग. साखऱ्याहून एसटीने सेनगावमार्गे हिंगोली, तिथून वाशीमवरून अकोला, आणि अकोल्याहून अहमदाबादची गाडी. नवजीवन आणि हावडा-अहमदाबाद या दोन्ही गाड्या अकोल्याला थांबतात. स्लीपरचं भाडं एका वेळचं चारशेच्या आसपास पडतं. एसटी, चहा-नाश्ता धरून जाऊन-येऊन 1,400 रुपये पुरतात. मुलींना आणि बायांना एसटीत निम्मं तिकीट आहे, पण ती सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती, हे लक्षात ठेवा. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुटतं. स्पर्धेच्या काळात अहमदाबादच्या गाड्या भरणार हे सांगायला ज्योतिषी नको, म्हणून ड्युटीचं वेळापत्रक हाती येताच त्याच दिवशी तिकीट काढा.

मुक्कामाला मात्र दम लागतो. साधी कॉट, डॉर्मिटरी किंवा पीजी दिवसाला 500 ने धरली तर पंधरा दिवसांचे 7,500. मोठ्या स्पर्धेच्या पंधरवड्यात हाच दर दुप्पट होतो, आणि स्टेडियमच्या जवळ तर मालक सांगेल तो. अहमदाबाद, बडोदा, सुरतेकडे कामाला गेलेलं आपलं कुणी ना कुणी असतंच. मामा असो, आतेभाऊ असो, गावचा वर्गमित्र असो, आधी त्याला फोन लावा. सुरत मात्र रोज येण्या-जाण्याच्या टप्प्यात नाही, तिथल्या पाहुण्याच्या भरवशावर राहू नका. आणि पाहुण्याकडे पंधरा दिवस राहायचं तर किराण्याला हातभार लावा. घरून हळद, तुरीची डाळ नेली तर मामीही खूश.

जेवणाचे ड्युटीच्या एका वेळेव्यतिरिक्त दिवसाला 200 धरले तर 3,000. शहरातल्या फिरण्याचे 1,000, पास मिळाला तर हे वाचतील. मोबाईल रिचार्ज 350. बूट 1,300, आणि इथे कंजुषी करू नका. ड्युटी म्हणजे मुख्यतः उभं राहणं. फाटकावर, जिन्यापाशी, पार्किंगच्या तोंडाशी आठ-आठ तास. नवीन कोरे बूट घालून गेलात तर तिसऱ्या दिवशी टाचेला फोड येतात, म्हणून महिनाभर आधी घेऊन गावात वापरा.

आता ते खर्च, जे कुणी सांगत नाही. पहिला, प्रशिक्षण. निवड झाल्यावर थोडं शिकवणं ऑनलाइन होतं, पण मैदानाची ओळख, ओळखपत्र आणि गणवेश यासाठी प्रत्यक्ष जावं लागतं, आणि ते स्पर्धेच्या ऐन तोंडावर असेलच असं नाही. म्हणजे आणखी एक खेप: प्रवासाचे 1,400, दोन रात्रींचे 1,000. निवडीच्या पत्रात प्रशिक्षण कुठे, किती दिवस, त्याचा खर्च कोण देणार, हे लिहिलेलं नसेल तर ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

दुसरा, पहाटेची पाळी. दुपारी स्पर्धा असली तरी फाटकावरच्या माणसाला पहाटे पाचलाही हजर व्हावं लागू शकतं. अहमदाबादेत कालुपूर स्टेशनापासून मेट्रोने ओल्ड हायकोर्टला बदलून मोटेराच्या स्टेडियमपाशी पोचता येतं, छान सोय आहे, पण पहाटे चारला मेट्रो नसते. रात्रीच्या पाळीचंही तेच, शेवटचा प्रेक्षक गेल्यावर तुम्ही सुटता. मग रिक्षा, एका खेपेला दीडशे-दोनशे. चार पाळ्या अशा लागल्या की वरच्या हजाराचा हिशेब कोलमडतो. त्यामुळे मुक्काम निवडताना भाडं किती यापेक्षा मैदानापर्यंत पायी जाता येतं का हे आधी पाहा. किरकोळ अडीनडीला 1,500 बाजूला ठेवा.

एवढं सगळं मिळून 18,450 रुपये रोख लागतात. पाहुण्याकडे सोय झाली आणि मुक्कामाचे पैसे वाचले तर 9,950.

तिसरा खर्च वहीत येत नाही, पण घरात जाणवतो. भारतात अशा स्पर्धा पाऊस उघडल्यावर ठेवतात. पुण्यातली राष्ट्रकुल युवा स्पर्धा 12 ते 18 ऑक्टोबर 2008, दिल्लीची राष्ट्रकुल 3 ते 14 ऑक्टोबर 2010, गोव्याची राष्ट्रीय स्पर्धा 26 ऑक्टोबर ते 9 नोव्हेंबर 2023. आपल्याकडे हेच दिवस सोयाबीनच्या सोंगणीचे आणि मळणीचे, पाठोपाठ हरभऱ्याची पेरणी. एरवी मिळणारा मजूर त्या आठवड्यात मिळत नाही आणि मिळाला तर रोज वाढवून मागतो. तुमच्या जागी प्रवास धरून सतरा दिवस माणूस लावायचा आणि रोज 400 धरायचा, तर 6,800. म्हणजे खरा आकडा पंचवीस हजारांच्या वर जातो. अर्ज भरण्याआधी दादाशी, बाबांशी हे बोलून घ्या; निवड झाल्यावर सांगितलंत तर भांडण ठरलेलं.

तारखा सरकतात, हे तर गोव्याला विचारावं. तिथली लुसोफोनिया स्पर्धा, म्हणजे पोर्तुगीज भाषिक देशांची आणि प्रदेशांची, 2013 च्या नोव्हेंबरात व्हायची होती. मैदानं तयार नव्हती म्हणून ती जानेवारी 2014 मध्ये झाली. टोकियोत याहून मोठा फटका बसला. करोनामुळे स्पर्धा वर्षभर पुढे गेली आणि मार्च 2021 मध्ये परदेशातून येणाऱ्या सुमारे 2,300 स्वयंसेवकांपैकी पाचशेच्या आसपास वगळता बाकीच्यांना येऊ नका असं सांगण्यात आलं. ज्यांनी परत न होणारी विमानाची तिकिटं काढली होती त्यांचं काय झालं असेल याचा विचार करा. रेल्वेचं तिकीट रद्द केलं तर थोडे पैसे कापून बाकीचे परत मिळतात. खोलीचं भाडं मात्र आगाऊ देताना रद्द केल्यास किती परत हे लिहून घ्या.

परदेशातल्या स्पर्धेचा मोह असेल तर एकाच परिच्छेदात सांगतो, कारण त्यात फार रमण्यासारखं काही नाही. पासपोर्ट 1,500 रुपये. पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फत घ्यायचा तर 500. युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा 90 युरो, वर अर्ज केंद्राचं शुल्क, आणि किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय विमा संरक्षण सक्तीचं. व्हिसा नाकारला तर शुल्क परत मिळत नाही. मुंबईहून विमानाचं तिकीट, तीन आठवडे हॉस्टेलमधली कॉट आणि जेवण धरलं की दोन लाख रुपये सहज ओलांडतात. आणि पर्यटक व्हिसावर स्वयंसेवकाचं काम चालतं का, हे त्या देशाच्या दूतावासाकडून लेखी घेतल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. त्या शहरात सख्खं नातलग असेल तरच हा विचार करावा.

मग मिळतं काय? गणवेश, टोपी, पिशवी, गळ्यातलं ओळखपत्र, जे लोक वर्षानुवर्षं भिंतीला टांगून ठेवतात. इंग्रजी आणि हिंदी बोलण्याचा धीर, जो आमच्या भागातल्या पोरांना खरोखर लागतो. हिंगोली जिल्ह्यातलं पोरगं घरात मराठी आणि बाजारात हिंदी बोलत मोठं होतं. अहमदाबादेत त्याची हिंदी बिनधास्त चालेल. पण सामना बघायला मिळेल ही आशा सोडा. ओळखपत्रावर कुठल्या भागात जायची मुभा आहे ते छापलेलं असतं, आणि बहुतेकांच्या कार्डावर प्रेक्षकांच्या भागापुरतीच मुभा असते. हवी ती ड्युटी मिळेलच असं नाही. दिल्लीत 2010 ला हजारो स्वयंसेवक स्पर्धेआधीच गळाले. नावडती कामं आणि ढिसाळ प्रशिक्षण ही कारणं तेव्हाच्या बातम्यांत होती.

सर्टिफिकेटबद्दल नीट ऐका, कारण इथे सगळ्यात जास्त फसगत होते. राज्यातल्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, ते खेळून कामगिरी केलेल्यांना. स्वयंसेवकाचं प्रमाणपत्र त्यात चालत नाही. दहावी-बारावीचे क्रीडा गुणही खेळाडूंनाच मिळतात. "हे सर्टिफिकेट भरतीत लागतं" असं सांगणारा एजंट असेल तर उठून चालायला लागा. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत असाल तर वर्षाला 120 तासांचं काम करावं लागतं. स्पर्धेचे तास त्यात धरतील का, हे कार्यक्रम अधिकारी सरांना जाण्याआधी विचारा, आणि हजेरीसाठी प्राचार्यांचं पत्र घ्या. आल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

फसवणुकीचा नमुना ठरलेला आहे. अर्ज भरून काही दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पत्र येतं, वर स्पर्धेचं बोधचिन्ह, खाली सही-शिक्का. "आपली निवड झाली आहे, गणवेशाची अनामत 2,500 रुपये आजच भरा." कुठलीही खरी आयोजन समिती गणवेशाचे, नोंदणीचे किंवा मुलाखतीचे पैसे मागत नाही. अर्ज फक्त स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा सरकारच्या 'माय भारत' पोर्टलवरून भरा; तिथली नोंदणी मोफत आहे. आधारची प्रत देताना त्यावर कशासाठी दिली ते लिहा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन करा. पहिली राष्ट्रकुल स्पर्धा कॅनडातल्या हॅमिल्टनला 1930 साली झाली, तेव्हा हा नंबर विसरायला निमित्त राहणार नाही.

निघण्याआधी बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू आहे का पाहा. वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचं अपघात संरक्षण आहे, तुमच्या खात्यातून पैसे कापले गेलेत की नाही ते पासबुकात तपासा. घरी आयुष्मान कार्ड असेल तर तेही बरोबर घ्या, ते गुजरातमधल्या संलग्न दवाखान्यांतही चालतं.

अनुभव हवा म्हणून लगेच अहमदाबाद गाठायची गरज नाही. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय कबड्डी, खो-खो स्पर्धा दरवर्षी होतात आणि तिथे गुणपत्रक लिहायला, संघ रांगेत उभे करायला माणसं कमी पडतात. हिंगोलीपर्यंतच्या एसटीचं भाडं एवढाच खर्च. पुढच्या मोठ्या अर्जात "पूर्वीचा अनुभव" हा रकाना असतो, आणि तो रिकामा ठेवण्यापेक्षा तालुक्याच्या स्पर्धेचं नाव लिहिलेलं केव्हाही बरं.

माझं मत विचाराल तर असं: अहमदाबादेत पाहुण्याकडे राहायची सोय आहे, घरी सोंगणीला दुसरा हात आहे आणि दहा हजार रुपये साठवलेले आहेत, तर जरूर जा. यातलं काहीच नसेल आणि पैसे उसने घ्यावे लागणार असतील, तर जाऊ नका.