नागपूरच्या वास्तू : राजधानीच्या आणि गिरणीच्या

नागपूर शहरातील ऐतिहासिक वास्तूंची यादी करावयास घेतली म्हणजे प्रथम सीताबर्डीचा किल्ला आठवतो. मागोमाग विधान भवन, उच्च न्यायालय आणि मध्यवर्ती संग्रहालय. ही यादी चुकीची नाही, अपुरी आहे. तीवरून नागपूर हे केवळ राजांचे व राज्यपालांचे शहर होते असा समज होतो. गेल्या दीडशे वर्षांत या शहराचा विस्तार ज्या उद्योगामुळे झाला, त्याच्या खुणा मात्र या यादीत शोधाव्या लागतात.

गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या प्रारंभी वसविलेले हे नगर पुढे भोसल्यांची राजधानी झाले. १८५४ मध्ये संस्थान खालसा करण्यात आले आणि १८६१ मध्ये नव्या मध्य प्रांताचे मुख्य ठाणे येथे आले. परंतु औद्योगिक नागपूरचा आरंभ धरावयाचा तो १८६७ पासून. त्या वर्षी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग मुंबईहून येथवर पोहोचला आणि कापसाच्या मुलखाला बंदर जवळ आले.

दलदलीवरील गिरणी

मुंबईत गिरण्यांची दाटी होत असताना जमशेटजी टाटा यांनी कापूस पिकणाऱ्या प्रदेशातच गिरणी काढण्याचे ठरविले. प्रथम जबलपूरचा विचार झाला होता. तेथे जागा मिळू शकली नाही. नागपूरला आसपासचा कापूस, वरोऱ्याचा कोळसा, रेल्वे आणि हातमागावर पिढ्यान्‌पिढ्या काम करणारे विणकर, असे सर्वच अनुकूल होते. १८७४ मध्ये सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली. जागा घेतली ती जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळची; आणि तीही दलदलीची. तेथे भराव घालण्याचे काम चालू असता एका स्थानिक सावकाराने, सोने मातीत पुरणाऱ्यास आपण पैसे देणार नाही, असे सांगून भांडवल नाकारले. गिरणी भरभराटीस आल्यावर मात्र, यांनी माती घालून सोने काढले, अशी कबुली त्यानेच दिली, असे टाटांच्या चरित्रांत सांगितले जाते.

१ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, म्हणून गिरणीस ‘एम्प्रेस’ हे नाव मिळाले. सुरुवातीची यंत्रे हलक्या प्रतीची निघाली व ती बदलावी लागली. रेल्वेच्या नोकरीतून आलेले बेझनजी दादाभाई मेहता यांच्याकडे व्यवस्थापन होते. इंग्लंडमधील गिरणीमालक रिंग पद्धतीच्या चात्यांविषयी साशंक असताना त्यांचा प्रयोग येथे करण्यात आला.

इमारतीपेक्षाही महत्त्वाचे असे काही या आवारात घडले. कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी १८८६ मध्ये, तर अपघात भरपाईची योजना १८९५ मध्ये येथे सुरू झाली. देशात कामगार भरपाईचा कायदा १९२३ मध्ये आणि भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ मध्ये झाला, हे लक्षात घेतले म्हणजे या तारखांचे मोल कळते. कोष्टी विणकरांप्रमाणेच महार समाजातील अनेक कुटुंबे गिरणीत आली. इंदोरा, बेझनबाग यांसारख्या वस्त्यांचा इतिहास गिरणीशी जोडलेला आहे. बेझनबाग हे नावच मेहतांचे स्मरण देते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीला नागपुरात जे बळ मिळाले, त्यात या कामगार वस्त्यांचा वाटा मोठा होता. १९५६ च्या धम्मदीक्षेचे स्थान असलेली दीक्षाभूमी पाहावयास येणाऱ्याला ही पार्श्वभूमी क्वचितच सांगितली जाते.

काय उरले, काय गेले

रेल्वे स्थानकाची दगडी इमारत १९२५ मध्ये गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते खुली झाली. ती आजही वापरात आहे. वास्तुविशारद लँचेस्टर यांनी आराखडा केलेली उच्च न्यायालयाची इमारत १९४० ची. शून्य मैलाचा स्तंभ व चार घोडे यांच्याशेजारचा १९०७ चा दगड शाळकरी मुले भारताचा मध्यबिंदू म्हणून पाहतात. प्रत्यक्षात तो भूमापन खात्याने उंची मोजण्यासाठी बसविलेला आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,०२० फूट, ही त्यावरील नोंद शिक्षकांनी मुलांकडून अवश्य वाचवून घ्यावी.

एम्प्रेस गिरणी १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि २००२ मध्ये बंद पडली. त्या जागेवर पुढे व्यापारी संकुल उभे राहिले. न्यायालय, स्थानक, विधान भवन टिकले, कारण त्यांचे काम चालू राहिले. गिरणीचे काम संपले, आणि शहराच्या मध्यभागी जमिनीची किंमत भिंतींच्या किमतीहून कितीतरी अधिक होती. हा न्याय सर्वत्र अटळ असतो असेही नाही. गिरणी बंद पडली त्याच वर्षी रेल्वेने मोतीबाग येथे अरुंद मार्गाच्या गाड्यांचे संग्रहालय उघडले. निरुपयोगी ठरलेली इंजिने आज तेथे विद्यार्थ्यांना पाहता येतात.

विदर्भात हा प्रश्न एका शहराचा नाही. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, काटोल अशा कापूसपेठांतून सरकी काढण्याचे व गठाणी बांधण्याचे जुने कारखाने उभे राहिले. त्यांची नोंद करण्यासाठी फार खर्च लागत नाही. बांधकामाचे वर्ष दारावरील शिलेवर असते; मालकी व आकार ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये किंवा शहरात मिळकत पत्रिकेत सापडतो; कामाची पद्धत वयोवृद्ध कामगार सांगू शकतात. ओतीव लोखंडावर कोरलेले बनविणाऱ्याचे नाव व साल यांचे छायाचित्र मात्र सर्वांत आधी घ्यावे. कारखान्याची विक्री ठरली की भिंती काही काळ तरी उभ्या राहतात. यंत्रे पहिल्याच आठवड्यात भंगारात जातात.