कथा कोणाची? : रुडयार्ड किपलिंग यांचे कथासंग्रह

प्रस्तावना

गोष्ट सांगणारा एक असतो आणि गोष्ट ज्याच्या आयुष्याची असते, तो बहुधा दुसराच असतो. एरवी हा भेद आपल्याला जाणवत नाही. परंतु राज्यकर्त्या समाजातील लेखक जित समाजाच्या गोष्टी सांगू लागतो, तेव्हा 'ही कथा कोणाची?' हा प्रश्न वाचकाला टाळता येत नाही.

रुडयार्ड किपलिंग (१८६५–१९३६) हे अशा लेखकांपैकी सर्वांत प्रसिद्ध नाव. ते मुंबईत जन्मले आणि तरुणपणी लाहोर व अलाहाबाद येथे पत्रकारिता करीत कथाकार झाले. १९०७ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. इंग्रजी भाषेतील लेखकाला मिळालेले ते पहिलेच नोबेल होय. मोगलीच्या गोष्टी मराठी मुलांनाही ठाऊक आहेत. तथापि या लेखकाचे कथासंग्रह मोठेपणी कसे वाचावेत, याचा विचार आपण सहसा करीत नाही. तो या पाठात करू.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण –

- किपलिंग यांच्या प्रमुख कथासंग्रहांचा परिचय करून देऊ शकाल;
- कथेतील निवेदक आणि त्याची दृष्टी ओळखू शकाल;
- एकाच विषयावरील दोन कथांची तुलना करू शकाल;
- लेखकाचे कौशल्य आणि त्याचे पूर्वग्रह यांचा स्वतंत्रपणे विचार करू शकाल.

१. मुंबईतील बालपण

किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग हे सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिल्पकला शिकवीत असत. या शाळेजवळच्या क्रॉफर्ड मार्केटवरील, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईवरील उठावशिल्पे त्यांच्याच हातची आहेत.

घरात लहान रुडयार्डला सांभाळणारी दोन माणसे होती : एक आया आणि दुसरा मीता नावाचा नोकर. किपलिंग यांचे 'समथिंग ऑफ मायसेल्फ' हे आत्मचरित्र त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ साली प्रसिद्ध झाले. त्यात ते सांगतात, की दुपारच्या वेळी ही दोघे त्यांना देशी गोष्टी आणि गाणी ऐकवीत. मग त्यांना आईवडिलांकडे पाठविताना 'आता इंग्रजीत बोला' अशी आठवण करून देत. ज्या भाषेत मूल विचार करी आणि स्वप्ने पाही, ती भाषा इंग्रजी नव्हती. आईवडिलांशी ते बोले ते जणू भाषांतर करून.

पाचव्या वर्षी, १८७१ मध्ये, त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यात आले. तेथे परक्या घरी त्यांनी सोसलेल्या दुःखाचे पडसाद पुढे 'बा बा, ब्लॅक शीप' या कथेत उमटले. १८८२ मध्ये ते मुंबईला परतले, तेव्हा बंदरावरच्या दृश्यांनी आणि वासांनी त्यांच्या तोंडून देशी भाषेतील वाक्ये आपोआप बाहेर पडली. त्यांचा अर्थ मात्र त्यांना आठवत नव्हता.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. आयेचा उल्लेख किपलिंग प्रेमाने करतात. ती 'पोर्तुगीज' रोमन कॅथलिक होती, असेही सांगतात. त्या काळी मुंबईत गोवा-वसईकडील ख्रिस्ती लोकांना सर्रास असे म्हणत. परंतु तिचे नाव त्यांनी लिहिलेले नाही. जिच्या तोंडून लेखकाने पहिल्या गोष्टी ऐकल्या, ती स्वतः मात्र अनामिक राहिली.

पाठगत प्रश्न १

(अ) किपलिंग यांच्या वडिलांचा मुंबईतील कोणत्या संस्थेशी संबंध होता?
(आ) बालपणी किपलिंग आईवडिलांशी 'भाषांतर करून' बोलत, असे का म्हटले आहे?

२. रेल्वे आणि रुपयाची पुस्तके

लाहोरच्या 'सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट' या वर्तमानपत्रात किपलिंग काम करीत. त्यांच्या आरंभीच्या अनेक कथा याच पत्रात छापल्या गेल्या. पत्रातील जागा ठरलेली असल्याने कथा आटोपशीर असावी लागे. नेमका तपशील, थोडके संवाद आणि शेवटी अचानक दिसणारे सत्य हे त्यांच्या कथेचे गुण या शिस्तीतून घडले. अशा चाळीस कथांचा 'प्लेन टेल्स फ्रॉम द हिल्स' हा संग्रह १८८८ साली कलकत्त्यात प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी अलाहाबादच्या ए. एच. व्हीलर कंपनीने 'इंडियन रेल्वे लायब्ररी' या मालेत त्यांची सहा छोटी पुस्तके काढली. 'सोल्जर्स थ्री', 'इन ब्लॅक अँड व्हाइट', 'द फँटम रिक्षा' आणि 'वी विली विंकी' ही त्यांपैकीच. प्रत्येकाची किंमत एक रुपया होती. प्रवाशाने स्थानकावर पुस्तक घ्यावे आणि गाडीत वाचावे, अशी ही योजना होती. अर्थात त्या काळी रुपया खर्चून इंग्रजी पुस्तक घेणारा प्रवासी बहुधा गोरा असे. ज्यांच्याविषयी कथा लिहिल्या जात होत्या, त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या हाती त्या पडत.

'लाइफ्स हँडिकॅप' (१८९१) या संग्रहाची प्रस्तावना या दृष्टीने मोलाची आहे. तीत गोविंद नावाचा एकाक्ष साधू निवेदकाशी कथाकथनाच्या कलेविषयी बोलतो. पुस्तकाच्या आरंभी त्याचे नाव लिहिण्याचे वचन निवेदक त्याला देतो. पुढे लेखक सांगतो, की आपल्या कथा साधूंकडून, सुतारांकडून, आगगाडीतील अनोळखी माणसांकडून आणि दाराशी सूत कातणाऱ्या बायकांकडून मिळाल्या आहेत. म्हणजे कथांचे मूळ धन कोणाचे, हे किपलिंग जाणून होते आणि येथे त्यांनी ते मोकळेपणाने मान्यही केले आहे.

३. आमेर, चितोड आणि मोगलीचे जंगल

१८८७ च्या अखेरीस अलाहाबादच्या 'पायोनिअर' पत्राने किपलिंग यांना राजपुतान्यात पाठविले. जयपूर, आमेर, उदयपूर, चितोड, जोधपूर आणि बुंदी येथून त्यांनी 'लेटर्स ऑफ मार्क' ही प्रवासपत्रे लिहिली. जयपूरचे अल्बर्ट हॉल संग्रहालय त्याच वर्षी खुले झाले होते. त्याची त्यांनी प्रशंसा केली आहे. 'द मॅन हू वुड बी किंग' या प्रसिद्ध कथेचा आरंभही अजमेरहून महूकडे जाणाऱ्या गाडीत होतो आणि तिचा धागा मारवाड जंक्शनला पुन्हा जोडला जातो.

'द जंगल बुक' (१८९४) मधील एका कथेत माकडे मोगलीला पळवून एका ओसाड राजनगरीत नेतात. त्या नगरीच्या वर्णनात किपलिंग यांनी पाहिलेल्या चितोड आणि आमेरच्या खुणा आहेत, असे अनेक अभ्यासक मानतात. १७२७ मध्ये जयपूर वसले आणि राजधानी आमेरहून तेथे हलली. त्यामुळे आमेरचे वैभव ओसरले हे खरे. पण तेथील शिलादेवीची पूजा चालूच राहिली. जयपूरच्या शास्त्रीनगरासारख्या वस्तीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला आमेर दूर नाही. त्याने ही कथा वाचून तो किल्ला अवश्य पाहावा आणि स्वतःला विचारावे : एखादे नगर 'ओसाड' आहे, हे ठरवितो कोण? तेथून जाणारा प्रवासी, की तेथे दिवा लावणारा पुजारी?

मोगलीचे जंगल आहे सिवनीच्या डोंगरांतले. त्यातून वाहणारी वैनगंगा पुढे गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत उतरते. विदर्भातील वाचकाला ती परकी नाही. किपलिंग यांनी मात्र या कथा अमेरिकेतील व्हर्माँट येथे राहून लिहिल्या. जंगलाचा बराचसा तपशील त्यांनी रॉबर्ट स्टर्नडेल यांच्या सातपुड्यावरील पुस्तकातून घेतला. जंगलाचे नियम, प्राण्यांचे स्वभाव आणि दोन जगांत अडकलेल्या पोराचे एकाकीपण त्यांनी अविस्मरणीय केले आहे. पण याच खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे गोंड लोक या कथांत अगदी कडेला उभे आहेत.

पाठगत प्रश्न २

(अ) 'इंडियन रेल्वे लायब्ररी'चे वाचक कोण होते?
(आ) आमेरचे वैभव केव्हा आणि कशामुळे ओसरले?

४. दोन कथा, दोन दृष्टी

'प्लेन टेल्स'मधील पहिली कथा 'लिस्पेथ'. कोटगढच्या मिशनमध्ये वाढलेली ही पहाडी मुलगी डोंगरात बेशुद्ध पडलेल्या एका इंग्रजाला उचलून आणते. तो तिचा पती होईल, असे ती निर्मळपणे सांगते. त्याचे लग्न मायदेशी आधीच ठरलेले असते. पाद्रीची पत्नी त्याला सुचविते, की परत येऊन लग्न करीन असे तिला सांगावे, म्हणजे कटकट टळेल. लिस्पेथ महिनोन्‌महिने वाट पाहते. सत्य कळताच ती मिशन सोडून आपल्या माणसांत परत जाते. पाद्रीची पत्नी या वागण्याचा दोष लिस्पेथच्या जातीवर ढकलते. हे विधान तिला शोभा देत नाही, असे निवेदक उपरोधाने म्हणतो. खोटे कोण बोलले, हे वाचकाच्या लक्षात आलेले असते. येथे किपलिंग आपल्याच समाजाचा दंभ निर्भयपणे उघडा करतात.

आता 'द डेज वर्क' (१८९८) मधील 'विल्यम द कॉन्करर' ही कथा पाहा. विषय आहे मद्रास इलाख्यातील दुष्काळाचा. पंजाबातून स्कॉट नावाचा अधिकारी मदतीसाठी जातो. उत्तरेकडून आलेला गहू-बाजरी भात खाणाऱ्या भुकेल्या लोकांना खाता येत नाही. धान्याजवळच माणसे मरतात. स्कॉट ते धान्य शेळ्यांना घालतो आणि त्यांचे दूध अनाथ अर्भकांना पाजतो. हा तपशील लेखकाच्या सूक्ष्म दृष्टीची साक्ष देतो. परंतु कथेचा गाभा स्कॉट आणि त्याची इंग्रज प्रेयसी यांचे प्रेम व कर्तव्य हा आहे. दुष्काळ ही त्यामागची पार्श्वभूमी होते. भुकेल्यांना नाव नाही, घर नाही, पूर्वायुष्य नाही. आणि हा दुष्काळ का पडला, दाणे पिकविणाराच उपाशी का राहिला, हा प्रश्न कथा विचारीतच नाही.

याच काळातील मराठी कथा आठवून पाहू. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) हे किपलिंग यांच्याहून जेमतेम दीड-पावणेदोन वर्षांनी मोठे. १८९० साली त्यांनी पुण्यात 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून आपल्या 'स्फुट गोष्टी' लिहिल्या. दुष्काळावरील 'काळ तर मोठा कठीण आला!' ही त्यांची कथा प्रसिद्ध आहे. या कथेत दुष्काळ ही पार्श्वभूमी नाही. ज्यांच्यावर तो कोसळला आहे, तीच माणसे कथेच्या मध्यभागी आहेत. त्यामुळे उपासमार हा मदतकार्याचा आकडा न राहता एका घराचे दुःख होते.

दोन्ही लेखक कुशल होते. दोघांनाही माणसांची कणव होती. फरक आहे तो उभे राहण्याच्या जागेत. एक जण छावणीतून बाहेर पाहतो, दुसरा घरातून आकाशाकडे पाहतो.

५. किपलिंग कसे वाचावे?

साम्राज्य हे गोऱ्या लोकांचे कर्तव्य आहे, असे किपलिंग मानीत. १३ एप्रिल १९१९ च्या जालियनवाला बाग हत्याकांडानंतर इंग्लंडमधील एका वर्तमानपत्राने जनरल डायरसाठी निधी जमविला, तेव्हा त्यांनीही त्यास वर्गणी दिली. ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्याचप्रमाणे तिच्यामुळे 'लिस्पेथ' ही वाईट कथा ठरत नाही.

म्हणून वाचकाने दोन टोके टाळावीत. मोठा लेखक म्हणून सारेच स्वीकारणे हे एक टोक आणि परका राज्यकर्ता म्हणून सारेच नाकारणे हे दुसरे. त्याऐवजी प्रत्येक कथेला तीन प्रश्न विचारावेत :

१. ही कथा कोण सांगतो आहे आणि कोणासाठी?
२. कथेच्या मध्यभागी कोण आहे आणि कडेला कोण?
३. कोणाला नाव आणि बोलण्याची संधी मिळाली आहे व कोणाला नाही?

हे प्रश्न केवळ किपलिंग यांच्यासाठी नाहीत. शहरातील लेखक खेड्याविषयी लिहितो, पुरुष स्त्रीविषयी लिहितो, सुस्थितीतील माणूस मजुराविषयी लिहितो, तेथेही ते विचारता येतात. आपल्या भाषेतील कथांनाही ते विचारले पाहिजेत. आणि ज्याची कथा आजवर दुसऱ्यांनीच सांगितली, त्याने लिहावाचावयास शिकून ती स्वतः सांगू लागावे, हे या प्रश्नांचे सर्वांत चांगले उत्तर होय.

आपण काय शिकलात?

- किपलिंग यांच्या कथांची मुळे त्यांनी भारतात ऐकलेल्या गोष्टींत आहेत.
- वर्तमानपत्र आणि रेल्वे यांमुळे त्यांच्या कथांना आटोपशीर रूप व वाचक मिळाले.
- लेखक कोठे उभा आहे, यावर कथेत काय दिसते आणि काय दिसत नाही, हे अवलंबून असते.
- कौशल्याला दाद देणे आणि पूर्वग्रह ओळखणे ही दोन्ही वाचकाची कामे आहेत.

शब्दार्थ

जित – जिंकलेला, पराभूत. निवेदक – कथा सांगणारा. उठावशिल्प – सपाट पृष्ठभागावर उठून दिसणारे कोरीव काम. एकाक्ष – एका डोळ्याचा. दंभ – ढोंग. कणव – दया, कळवळा. पूर्वग्रह – आधीच करून घेतलेले मत.

स्वाध्याय

१. 'लिस्पेथ' या कथेत निवेदकाच्या उपरोधाने काय साधले आहे? पाच-सहा ओळींत लिहा.
२. दुष्काळावरील दोन कथांतील दृष्टिभेद आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
३. आपल्या वाचनातील एक मराठी कथा निवडा आणि तिला वरील तीन प्रश्न विचारून उत्तरे लिहा.
४. आपल्या घरातील किंवा वस्तीतील वडीलधाऱ्या व्यक्तीकडून एक गोष्ट ऐकून ती लिहून काढा. सांगणाऱ्याचे नाव आरंभी लिहावयास विसरू नका.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा. (आ) ते देशी भाषेत विचार करीत. त्यामुळे इंग्रजी बोलताना त्यांना मनातील वाक्यांचे रूपांतर करावे लागे.
२. (अ) रेल्वेने प्रवास करणारे, मुख्यतः इंग्रज वाचक. (आ) १७२७ मध्ये जयपूर वसून राजधानी तेथे हलल्यामुळे.