इंजिनाच्या तापमानाचा राखणदार : थर्मोस्टॅट

उसाच्या हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातील रस्त्यांवर ट्रॅक्टर व मालमोटारी अहोरात्र धावत असतात. वैभववाडीहून करूळ घाट चढून गगनबावड्याकडे येणाऱ्या जड वाहनांच्या इंजिनांवर तर मोठाच ताण पडतो. इंजिन तापू लागले की त्यातील थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा वाहनचालकांत ठिकठिकाणी आढळते. ती कितपत योग्य आहे, हे ठरविण्यासाठी या भागाचे कार्य जाणून घेणे अगत्याचे आहे.

झडपेचे कार्य

थर्मोस्टॅट ही इंजिन व रेडिएटर यांच्यामधील झडप होय. तिच्या धातूच्या डबीत विशिष्ट प्रकारचे मेण भरलेले असते. इंजिन थंड असताना स्प्रिंगच्या दाबाने झडप बंद राहते. शीतक द्रव रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतो व लवकर तापतो. तापमान सुमारे ८२ अंश सेल्सिअस झाले की मेण वितळून प्रसरण पावते, दांडीला रेटा बसतो आणि झडप उघडू लागते. सुमारे ९५ अंशांस ती पूर्ण उघडते. द्रव निवला की मेण आकुंचन पावते व झडप पुन्हा मिटू लागते. निरनिराळ्या इंजिनांत हे अंश थोडेफार वेगळे असतात. मेणावर चालणारी ही रचना सर्जियस व्हर्नेट यांनी १९३० च्या दशकात विकसित केली.

काढून टाकल्याचे परिणाम

थर्मोस्टॅट नसल्यास इंजिन योग्य तापमानास उशिरा पोहोचते. इंधन पूर्णपणे जळत नाही, डिझेल अधिक लागते, काजळी साचते व सिलिंडरची झीज वाढते. काही इंजिनांत हीच झडप उघडताना द्रवाचा आतला मार्ग बंद करते. तेथे ती काढल्यास बराचसा द्रव रेडिएटर टाळून परत फिरतो आणि चढणीवर इंजिन उलट अधिकच तापते!

सोपी परीक्षा

झडप सुटी काढून दोरीने पाण्याच्या भांड्यात टांगावी, तळाला टेकू देऊ नये. पाणी हळूहळू तापवून तापमापकावर लक्ष ठेवावे. नेमून दिलेल्या अंशांस ती उघडली नाही, तर नवी बसवावी. ती ठीक असल्यास द्रवाची पातळी, पंपाचा पट्टा व रेडिएटरच्या जाळीतील कचरा तपासावा. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कदापि उघडू नये. दाबाखालील उकळते पाणी अंगावर उसळते.

ग्रामपंचायतीचा पाण्याचा टँकर असो वा आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, ती वाटेत बंद पडल्यास हाल जनतेचेच होतात. म्हणून वाहनाच्या नियमित देखभालीत या लहानशा झडपेची नोंद अवश्य असावी.